बुधवारची टिंबं

“पूजा आहे का?” औषधाच्या दुकानातल्या काकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, आणि मी मान हलवली.

तीन दिवस मी एकच वाक्य घोकत होते. ‘आमच्या ह्यांना एवढ्यात मूल नको आहे, त्यासाठीच्या गोळ्या द्या.’ त्यात ‘ह्यांना’ मुद्दाम घातलं होतं, म्हणजे दोष परस्पर नवऱ्यावर. पण दुकानात आणखी दोन माणसं उभी होती, एक बाम मागत होता आणि दुसरा उगाच उभा होता. मी तोंड उघडलं आणि त्यातून फक्त ‘गोळ्या पाहिजेत, बायकांच्या’ एवढंच बाहेर पडलं.

आमच्याकडे बाईनं खाली मान घालून गोळ्या मागितल्या की त्याचा अर्थ एकच. घरात सत्यनारायण आहे, तारीख जवळ आली आहे, पाळी चार दिवस पुढे ढकलायची आहे. यात कुणाला लाज वाटत नाही. देवाचं काम असतं.

“किती दिवसांचं कार्य?” काकांनी पुढचा प्रश्न केला.

मला मे महिन्यापर्यंत हवं होतं. पण सत्यनारायण काही मेपर्यंत चालत नाही. “पारायण आहे, सात दिवसांचं. माहेरी,” मी म्हटलं. माझ्या माहेरी, भूमला, आमच्या वडिलांना एका अध्यायात डुलकी लागायची. पण काका खूश झाले. त्यांनी पट्ट्या कापून पुडीत घातल्या, सकाळ-संध्याकाळ एक म्हणून सांगितलं आणि माझ्या वडिलांना नमस्कारही कळवला.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशी सालच्या जूनमधली, बार्शीतली. माझं लग्न होऊन महिना झाला होता. मी कुमुद. डी.एड.चं पहिलं वर्ष हॉस्टेलवर राहून केलेलं, दुसरं वर्ष बाकी. लग्नाच्या बैठकीत माझ्या वडिलांनी शिक्षणाचा विषय काढला तेव्हा सासरे, म्हणजे मामंजी, मोठ्या मनानं म्हणाले होते, “शिकू द्या की. गोड बातमी आली की मग घरी.” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे वडील तर एवढ्यावरच धन्य झाले. मी मात्र बोटांवर हिशेब केला. जून ते एप्रिल. अकरा महिने बातमी येता कामा नये, नाहीतर माझी मास्तरकी पोटातच राहील.

माझा नवरा भालचंद्र नगरपालिकेत पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून. माणूस सरळ, मनानं माझ्याच बाजूचा. पण या बाबतीत त्याच्या पायात बळ नव्हतं. निरोध आणायला तो दोनदा निघाला. पहिल्या दुकानात त्याचे गणिताचे सर औषध घेत होते. दुसऱ्या दुकानदाराच्या घरी नळाला पाणी येत नव्हतं, त्यानं याला तासभर बसवून तक्रार लिहून दिली. शेवटी तो म्हणाला, “तू जा. तुला इथं कोण ओळखतंय? डोक्यावरून पदर घे आणि पार लांबच्या गल्लीतलं दुकान बघ.” मी पार लांबच्या गल्लीतलं दुकान बघितलं. ते हे.

आणि त्याच दिवशी दुपारी चारला तेच काका आमच्या दुकानात आले, चप्पल काढून गादीवर बसले आणि मामंजींबरोबर बुद्धिबळाचा पट मांडला. गेली वीस वर्षं ते रोज येत होते. मी पडद्याआड चहा गाळत होते, तो तसाच ओट्यावर गळत राहिला.

आमचं दुकान बांगड्यांचं. आम्ही कासार. पुढं दुकान, मधे पडदा, मागं घर. मामंजी माल आणायचे, आठवड्याचे बाजार करायचे; पण दुकानाचा जीव म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना आत्याबाई म्हणायचे, गाव सरूकाकू म्हणायचं. बाईचा हात हातात घेतला, अंगठा आत दाबला, बोटं जुळवली की हाताला न कळता काचेची बांगडी मनगटात जायची. आणि तेवढ्यात आत्याबाईंना त्या बाईचं सगळं कळायचं. कुणाला दिवस गेलेत, कुणाला घरी जेवण पुरत नाही, कुणाच्या मनगटावर कुणाची बोटं उमटली आहेत. बोलायच्या मात्र कमी. महिनाभरात माझ्याशी त्या मोजकी चार वाक्यं बोलल्या असतील, त्यांतली दोन मिठाबद्दल. मला त्यांची जाम भीती वाटायची.

आणि दुकानात, मामंजींच्या बैठकीच्या वर, एक कॅलेंडर होतं. त्यावर मामंजी लग्नाच्या चुड्यांच्या ऑर्डरी लिहायचे, आणि आत्याबाई पेन्सिलनं कोपऱ्यात बारीक टिंबं काढायच्या. ती टिंबं माझी. पाळीच्या तीन दिवसांत बाईनं देवाजवळ जायचं नाही, स्वयंपाकघरात शिरायचं नाही आणि हिरव्या चुड्याला हात लावायचा नाही, असा घरचा कायदा. कॉलेजला मात्र चालायचं. म्हणजे ते तीन दिवस मी दुकानात बसायला निरुपयोगी, मग आत्याबाईंना एकटीनं बघावं लागायचं आणि मामंजींना बाहेरगावी जाता यायचं नाही. म्हणून टिंबं. माझ्या पोटातली गोष्ट अशी भिंतीवर टांगलेली होती, आणि घराचा कारभार तिच्यावर चालायचा.

तर मी काकांच्या गोळ्या सुरू केल्या. सकाळी एक, संध्याकाळी एक, अगदी देवाचं नाव घेऊन. आम्ही दोघंही निर्धास्त झालो. भालचंद्र तर गुणगुणायला लागला. जूनअखेरची माझी तारीख आली आणि गेली. टिंब पडलं नाही. पुडीतल्या गोळ्या संपत आल्या, तरी काही नाही. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला की गोळ्या घेऊनही जे व्हायला नको होतं तेच बहुतेक झालं आहे.

तारीख उलटल्यावर तिसऱ्या दिवशी माझ्या ताटात कैरीचं लोणचं न मागता आलं. पाचव्या दिवशी पाण्याची घागर माझ्या हातातून काढून घेतली गेली. सातव्या दिवशी आत्याबाईंनी माझं मनगट धरलं, जरा दाबून बघितलं आणि भुवई उडवून सोडून दिलं. त्या भुवईचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. मामंजींना मात्र कॅलेंडरवरून जे समजायचं ते समजलं. ते आतल्या खोलीत आत्याबाईंना सांगताना मी ऐकलं, की गुरुवारी चांगला दिवस आहे, कॉलेजात जाऊन सूनबाईंचं नाव कमी करून येतो, उगाच जिने चढउतार नकोत.

मी त्या दिवशी कॉलेजातून परस्पर नगरपालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथं नाईकवाडे सिस्टर होत्या. उंच, सावळ्या, आवाज असा की बाहेरच्या रांगेतल्यालाही औषध कळावं. मी रिकामी पट्टी त्यांच्यापुढे ठेवली आणि रडायला लागले.

त्यांनी पट्टी उलटीसुलटी करून बघितली. “कुणी दिल्या?”

मी पारायणासकट सगळं सांगितलं. सिस्टर आधी हसल्या, मग दार लावून घेतलं, मग पुन्हा हसल्या.

“अगं बाई, ही पाळी पुढं ढकलायची गोळी. ही घेतलीस म्हणून पाळी आली नाही. हिच्या भरवशावर मूल थांबत नसतं. शेवटची कधी घेतलीस?”

“काल.”

“मग दोन-तीन दिवस वाट बघ. आली तर सुटलीस. नाही आली तर तपासू. तू उद्याची मास्तरीण ना? गोळीवर काय लिहिलंय ते वाचायचं नाही का?”

मग त्यांनी कपाटातून एकेक वस्तू काढून टेबलावर मांडली, भाजीवालीनं वाटे लावावेत तशी, आणि मला समजावून दिलं. तांबी असते, पण पहिलं मूल झाल्यावर ती बसवणं बरं, असं त्या तेव्हा म्हणाल्या. निरोध असतो, फुकट मिळतो, पण नवऱ्यानं रोज शहाणपणानं वागावं लागतं. तुझा वागेल का? मी म्हटलं, वागेल, पण तो आणायलाच जाऊ शकत नाही. मग गोळ्या. एका पाकिटात अठ्ठावीस. एकवीस पांढऱ्या, सात काळपट. पाळीच्या पाचव्या दिवशी सुरू करायच्या, रोज ठरल्या वेळी एक. काळपट लोहाच्या असतात, त्या चालू असताना पाळी येते. एखादी विसरली तर आठवल्याबरोबर घ्यायची, आणि लागोपाठ विसरल्या तर लपवायचं नाही, इकडं यायचं. त्यांनी माझा रक्तदाब बघितला, डोकं दुखतं का, कधी कावीळ झाली होती का, सगळं विचारलं. शेवटी विचारलं, “तुला स्वतःला काय पाहिजे?”

हा प्रश्न मला त्याआधी कुणी विचारला नव्हता, साडीच्या दुकानातसुद्धा नाही. मी म्हटलं, “गोळ्या. पण घरी कळता कामा नये.”

“पाळी आली की पाकीट न्यायला ये,” सिस्टर म्हणाल्या. “तोवर निरोधाचं पाकीट ने आणि नवऱ्याला माझा धाक दाखव.”

गुरुवारी सकाळी मामंजींनी धुवट टोपी घातली. देवाला नमस्कार केला. एक पाय चपलेत घातला. मी मोरीतून बाहेर आले आणि आत्याबाईंना जेमतेम ऐकू जाईल इतपत म्हणाले, “मी बाजूला बसते.”

आत्याबाई दुकानात गेल्या, कानामागची पेन्सिल काढली आणि टिंब टाकलं. मामंजींनी ते बघितलं आणि चपलेतला पाय बाहेर काढला. टोपी खुंटीवर गेली. त्यांचा चेहरा इतका उतरला की मला आनंद झाला होता याची लाज वाटली. पण आनंद झाला होता हे खरं. मागच्या खोलीत चटईवर बसून मी बालमानसशास्त्राचं पुस्तक छातीशी धरून हसत होते.

सोमवारपासून खऱ्या गोळ्या सुरू झाल्या. पाकीट शैक्षणिक साहित्याच्या डब्यात, अक्षरपट्ट्यांच्या खाली. सकाळी गिरणीचा भोंगा झाला की मी ‘साहित्य लावते’ म्हणून डबा उघडायची. भालचंद्र दाढी करता करता आरशातून डोळ्यांनी विचारायचा, मी डोळ्यांनीच झाल्याचं सांगायची. मला आठवतं, आमच्या संसारातलं पहिलं खरं गूळपीठ ते.

सगळं इतकं सुरळीत चाललं की तिथंच घात झाला. ऑक्टोबरअखेर मी पडद्याआड वातीचा कापूस पिंजत होते. पुढं मामंजी कॅलेंडर चाळत दिवाळीच्या मालाचं बघत होते. ते कौतुकानं आत्याबाईंना म्हणाले, “सूनबाईंचं एक बरं हाय. बुधवार म्हंजे बुधवार. बघ, चारी बारी बुधवार. मी आता चौथा बुधवार धरून बाहेरगावचा बाजारच ठेवत न्हाई.”

मी पडद्याच्या फटीतून बघितलं. खरंच होतं ते. माझी टिंबं चार महिने ओळीनं बुधवारी सुरू होत होती, शाळेच्या वेळापत्रकासारखी. माझ्या जन्मात माझी तारीख कधी अशी पाळली गेली नव्हती. पाकीट अठ्ठावीस दिवसांचं, त्याचं वागणं घड्याळाचं; आणि मी मूर्ख दर महिन्याला त्याची जाहिरात भिंतीवर करत होते.

आणि मामंजी पुढं म्हणाले, “मेडिकलवाल्याला सांगायला पायजे. त्यो म्हणतो, बायकांचा कुटं नेम आसतो व्हय.”

आत्याबाई बांगड्या पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. “सांगा की,” त्या म्हणाल्या. “डाव मांडायचा सोडून सुनेची टिंबं मोजा दोघं. गावाला कळू दे कासाराला काय काम राहिलं न्हाई ते.” मामंजी ओशाळले आणि माल बघायला वर गेले.

“कुमुद,” आत्याबाईंनी हाक मारली. “इकडं ये. हात दे.”

मी गेले. दुकानात कुणी नव्हतं. त्यांनी माझा हात हातात घेतला, अंगठा दाबला आणि एक साधी हिरवी बांगडी मनगटात घातली. घालताना खाली बघूनच बोलायला लागल्या.

“मेडिकलवाले भावजी पावसाळ्यात एकदा, ह्ये नसताना, इचारत होते, सूनबाईंच्या माहेरचं पारायण कसं झालं.”

माझा हात त्यांच्या हातात होता. तो ओढून घेतला तर त्यांना सगळं कळणार, म्हणून मी तो तसाच ठेवला.

“मी सांगितलं, लई छान झालं,” आत्याबाई म्हणाल्या. “मीबी गेलते म्हटलं. परसाद पण आणला.”

आता रडायचं की हसायचं ते ठरेना. शेवटी मी खरं तेच बोलले. “आत्याबाई, मला परीक्षा द्यायची आहे. मला मूल नको असं नाही. एप्रिलपर्यंत नको.”

“ते मला जुलैतच कळलंय. तुझ्या हाताला सूज नव्हती, आन तू घागर सोडायला तयार नव्हतीस.” त्यांनी दुसरी बांगडी घातली. “माप सव्वादोन. लग्नात पण सव्वादोनच भरली होती तुला. तशीच हाईस.”

मग त्यांनी आपला हात माझ्या हाताशेजारी ठेवला. त्यांच्या बांगड्या माझ्या मुठीवरून सहज निघाल्या असत्या.

“माझंबी सव्वादोनच होतं,” त्या म्हणाल्या. “दर दीड वर्षानं हात सुजायचा, माप वाढायचं. सात डाव हिरवा चुडा भरला मी. चार पोरं राहिली. सव्वादोनची एक पेटी मी माझ्यासाठी म्हणून ठेवली होती, उतरंल हात म्हणून. सातव्या बारीला ती गिऱ्हाइकाला देऊन टाकली. मला कुणी इचारलं न्हाई, बाई. आन इचारायचं आसतं हे मलाबी ठावं नव्हतं.”

मी त्यांचा हात घट्ट धरला. पहिल्यांदाच. त्यांनी तो थोडा वेळ राहू दिला, मग सोडवून घेतला, कारण गिऱ्हाईक आलं होतं.

नोव्हेंबरमध्ये माझी पाळी बुधवारीच आली. पण सोमवारी सकाळी मी चहाला आधण ठेवायला गेले तर आत्याबाईंनी मला हातानंच दारात अडवलं. “कशाला शिवतीस? बाजूला बस की,” त्या मोठ्यानं म्हणाल्या. मी गोंधळून दुकानात बघितलं. सोमवारच्या चौकोनात टिंब पडलेलं होतं. मी मुकाट्यानं मागच्या खोलीत गेले. सोमवार ते शुक्रवार पाच दिवस मला चहा, जेवण, सगळं चटईवर आलं. काम म्हणून काडी हलवावी लागली नाही. मी दोन विषयांच्या वह्या पूर्ण केल्या.

डिसेंबरात टिंबं शनिवारी आली. जानेवारीत गुरुवारी सुरू होऊन दोन दिवस थांबली आणि पुन्हा निघाली. फेब्रुवारीत सराव पाठ होते, तेव्हा बरोबर पाठांच्या आदल्या दिवसापासून. मामंजी मधूनच कॅलेंडरापुढं उभे राहून डोकं खाजवायचे. बुधवारचा नेम मोडला होता आणि काकांना सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं.

खरी कमाल एप्रिलात झाली. माझी वार्षिक परीक्षा, आणि ऐन लग्नसराई. दुकानात उभं राहायला जागा नाही, चुड्यांवर चुडे. अशा दिवसांत घरातल्या सुनेनं पुस्तक उघडून बसावं हे कुठल्याच घराला पटलं नसतं. पण भिंतीवर टिंबं सुरू झाली आणि थांबेचनात. पाच झाली, सात झाली, नऊ झाली. पुढं आत्याबाई एकट्या सकाळपासून दिवेलागणीपर्यंत बायकांचे हात दाबत होत्या. मागं मी चटईवर बसून शिक्षणपद्धती पाठ करत होते. काचेची किणकिण मला ऐकू यायची. एकदा फार वाईट वाटलं म्हणून मी पडद्याशी गेले आणि म्हटलं, येऊ का मदतीला? त्यांनी मागं न बघता पेन्सिल उचलली आणि उद्याच्या चौकोनात आणखी एक टिंब टाकलं.

त्या एप्रिलात माझी टिंबं अकरा होती. शेवटच्या पेपरच्या सकाळी मी डबा घेऊन निघाले, तर मामंजी कॅलेंडरासमोर उभे होते, चेहऱ्यावर खरीच काळजी.

“आगं, सूनबाईंचं काय तरी बिघडलंय,” ते हळू आवाजात आत्याबाईंना म्हणाले. “डाक्टरला दाखवाय पायजे.”

आत्याबाई एका नवरीचा हात दाबत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

“दावू की,” त्या म्हणाल्या. “आजचा पेपर होऊ द्या.”